गुलाबी धूळ

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा दिसली,
टीव्हीच्या पाठीवर. बोटाने रेघ ओढली
तर रेघेच्या कडेला गुलाबी साचली.

नागपुरात जन्म गेला, मला धूळ ओळखता येते.
कोराडीची राख करडी, बोटांत चुरली की निसटते.
सिमेंट रोडवाल्यांची पांढरी, पाणी लागलं की फरशी धरून बसते.
गिरणीची वासाने कळते, मिरचीची शिंकेने.
ही कोणत्याच खात्यात बसेना.
एकोणतीस वर्षं पोस्टाच्या बचत काउंटरला काढली मी,
खातं नसलेली गोष्ट मला झोपू देत नाही.

हे म्हणाले, कोणाच्या वरातीतला गुलाल असेल.
गुलाल पाण्यात रंग सोडतो.
वाटीत टाकली, रात्रभर ठेवली.
सकाळी पाणी जसंच्या तसं
आणि ती तळाशी, कोणाचं ऐकायचं नाही अशी बसलेली.
लोहचुंबकाने उचलली नाही.
काडी लावली तर गोडसर, नकोसा वास,
दवाखान्याच्या जिन्यात येतो तसा.

मग काळ्या कार्डशीटचे पाच तुकडे मांडले,
मागे पेन्सिलने तारखा घातल्या.
बाल्कनीत करडी. स्वयंपाकघरात नावाला नाही.
आतल्या खोलीत, कूलरसमोर,
तीन दिवसांत एवढी, की तिच्यावर सही करता यावी.

कूलर डक्टच्या खिडकीत.
त्याच्या पाठीशी उदबत्ती धरली, धूर आत वळला.
डाव्या ताटीची खस खाली बसून
वर चार बोटं कोरडी फट.
डक्टमध्ये मान घालून पाहिलं:
तिसऱ्या माळ्यावर एक खिडकी उघडी,
आणि रात्री साडेअकराला
डासापेक्षा जाड, गिरणीपेक्षा बारीक
असा एक आवाज.

दार उघडलं प्रफुल नंदेश्वरने.
पोरसवदा, भुवया गुलाबी.
"काकू, आवाज येऊन राहिला का खाली?"
मी पुडी उघडून पुढे धरली.
त्याने चिमूट घेतली, उजेडाकडे नेली.
"हिरड्या आहेत," म्हणाला.

आत टेबलावर जबडे. मोजले, सतरा.
प्रत्येकाखाली चिठ्ठी: गेडाम गुरुजी. सौ. बावनकर.
एकावर नुसतंच, वर्धा, अर्जंट.
दिवसा मेडिकल चौकातल्या लॅबमध्ये तो मालकाचे दात करतो,
रात्री स्वतःच्या गिऱ्हाइकांचे.
"घासा लागते, काकू. कणभर टोचलं
तर माणूस कवळी डबीत ठेवून देते
अन् वरण-भात खात राहते जन्मभर."

मी भांडायला गेले होते.
जिना चढताना वाक्यं जुळवली होती,
सोसायटीच्या सेक्रेटरीचं नावही घेणार होते.
आणि कळलं, महिनाभर मी पुसत होते ते
लोकांना टोचलं असतं ते.
चष्म्याच्या घरावरून, कालनिर्णयावरून,
यांच्या बीपीच्या गोळ्यांवरून,
फडकं झटकून पुन्हा त्याच डक्टमध्ये.

हसू आलं. सवयीने तळहात तोंडावर गेला.
त्याची नजर तिथेच थांबली, कारागिराची.
"डावीकडला, वरचा," म्हणाला. "किती वर्षं झाली?"
"नऊ."
तो पुढे काही बोलला नाही.
मशीनवर टॉवेल टाकला, पंखा माझ्याकडे वळवला.

आता तो खिडकी लावून घासतो, घामाघूम होत असेल.
मीही नवी ताटी बसवली, दीडशे रुपये.
धूळ थांबली. म्हणजे जवळजवळ.
मंगळवारी पुसायला गेले तर
रेडिओवर थोडी होती.
फडकं मारलं नाही.
बोटावर घेतली, आरशापाशी गेले,
तोंड उघडलं
आणि रंग
ताडून पाहिला.